रकाने बदलले, यंत्र तेच: हर्मन होलरिथची गोष्ट

मी यवतमाळचा. आमच्या जिल्ह्याचं नाव 1905 पर्यंत सरकारी कागदांवर 'वणी' असं होतं. त्या वर्षी वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, जिल्हा यवतमाळ झाला आणि मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका आमच्याकडे आला. वऱ्हाड त्याआधी दोन वर्षं मध्य प्रांताला जोडला गेला होता. पुढे 1956 मध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात आलो. मधल्या काळात जिल्ह्याचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा बदललं. गाव तेच, माणसं तीच, पण तक्त्यातले रकाने दर थोड्या वर्षांनी वेगळे.

आता विचार करा, हा सगळा हिशोब एखाद्या सॉफ्टवेअरकडे असता आणि त्यात 'जिल्हा = वणी' असं थेट कोडमध्ये लिहिलेलं असतं, तर? प्रत्येक बदलाला प्रोग्रामर बोलवावा लागला असता.

त्या काळी ही अडचण आली नाही, कारण मोजणारी माणसं होती. 1901 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. दर माणसामागे एक चिठ्ठी, धर्माप्रमाणे कागदाचा रंग वेगळा, आणि कारकून त्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावून मोजायचे. पद्धत बदलली तर कारकुनाला तोंडी सांगायचं, की आता पुसद इकडे धर. झालं काम! यंत्राला असं सांगता येत नाही. ज्या माणसाला ही गोष्ट स्वतःच्या खिशाला चटका बसून कळली, तो हर्मन होलरिथ.

होलरिथचा जन्म 29 फेब्रुवारी 1860 चा, अमेरिकेतल्या बफेलो शहरातला. आईवडील जर्मनीहून आलेले. 1879 मध्ये कोलंबियाच्या खाणशास्त्राच्या कॉलेजातून तो इंजिनिअर झाला आणि लगेच 1880 च्या अमेरिकन जनगणनेच्या कामाला लागला. ती जनगणना हाताने आवरायला सात-आठ वर्षं लागली. लोकसंख्या तर वाढतच होती. म्हणजे पुढची मोजणी आली तरी मागची संपायची नाही, अशी वेळ येणार होती. तिथल्या आकडेवारीचं काम पाहणारे डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्याला सुचवलं की हे यंत्राने व्हायला हवं.

होलरिथने 1884 मध्ये पहिला पेटंट अर्ज केला. कल्पना साधी होती. प्रत्येक माणसाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि वय, लिंग, जन्मस्थान, धंदा यांसाठी ठरलेल्या जागी भोकं. यंत्रात कार्ड ठेवून वरून सुया दाबायच्या. भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीला टेकते, वीज वाहते आणि समोरच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकतो. 1890 च्या जनगणनेत हे यंत्र वापरलं आणि सव्वासहा कोटींच्या आसपासची एकूण लोकसंख्या काही महिन्यांतच जाहीर झाली. होलरिथ तिशीतच प्रसिद्ध झाला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला त्याच्या पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

जनगणना येते दहा वर्षांनी एकदा. मधल्या काळात खायचं काय? होलरिथ न्यूयॉर्क सेंट्रल या रेल्वे कंपनीकडे गेला. तिच्याकडे मालाच्या बिल्ट्यांचे ढीग होते. बिल्टी म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला मुळात कापूस वाहायलाच टाकलेली लाइन. माल कुठून, कुठे, किती वजन, किती भाडं, हे सगळं बिल्टीवर असतं. आणि इथेच होलरिथचं यंत्र अडलं. जनगणनेत नुसतं मोजायचं होतं, रेल्वेला वजन आणि पैशांची बेरीज हवी होती. पहिला प्रयोग रेल्वेला पटला नाही. त्याने बेरीज करणारं यंत्र नव्याने बनवलं, तेव्हा कुठे 1896 मध्ये काम मिळालं. त्याच वर्षी त्याने स्वतःची कंपनी काढली.

पण प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड वेगळं. रेल्वेचे रकाने वेगळे, विमा कंपनीचे वेगळे, दुकानाचे वेगळे. कुठल्या रकान्यातला आकडा कुठल्या काट्याकडे जाणार, हे यंत्राच्या आतल्या तारांत पक्कं केलेलं असायचं. रकाना हलला की कारागिराने तारा सोडवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. यंत्र तेवढा वेळ बंद.

यावर होलरिथने काढलेला उपाय म्हणजे प्लगबोर्ड. 1906 च्या त्याच्या यंत्रात तो होता. जुन्या टेलिफोन एक्सचेंजचा फोटो पाहिला असेल तर लगेच समजेल: भोकांची एक फळी आणि दोन्ही टोकांना पिना असलेल्या तारा. एका बाजूला कार्डाचे रकाने, दुसऱ्या बाजूला मोजणारे काटे. कार्डाची रचना बदलली? यंत्र उघडू नका. पिन काढा, दुसऱ्या भोकात खोचा.

तुमच्या मोबाईलमध्ये हेच चालतं, फक्त तारा दिसत नाहीत. समजा, कापसाचे बाजारभाव दाखवणारं अ‍ॅप आहे आणि बाजार समितीकडून त्याला रोज एक फाइल येते. एका प्रोग्रामरने लिहिलं, तिसरा रकाना म्हणजे भाव. एक दिवस फाइलमध्ये मध्येच 'आवक' हा रकाना वाढला आणि अ‍ॅप क्विंटलचे आकडे भाव म्हणून दाखवायला लागलं. त्या आकड्यावर कोणी गाडी भरून निघाला तर? आता कोड दुरुस्त करा, अपडेट टाका, आणि लोक तो कधी घेतील याची वाट बघा. दुसऱ्या प्रोग्रामरने हे जोडकाम कोडबाहेर एका छोट्या फाइलमध्ये ठेवलं: भाव कुठे आहे, तारीख कशी लिहिली आहे, कोणत्या नावाचा रकाना कशाला जोडायचा. ती फाइल सर्व्हरवर बदलली की सगळ्यांच्या मोबाईलमध्ये भाव बरोबर. याला मॅपिंग किंवा कॉन्फिग फाइल म्हणतात. हा झाला त्याचा प्लगबोर्ड. अर्थात 'भाव' हा रकानाच फाइलमधून गायब झाला तर कुठलीही पिन उपयोगाची नाही, हे प्रोग्रामर मंडळी गिऱ्हाइकाला सांगत नाहीत.

यंत्र लवचीक करणारा होलरिथ स्वतः मात्र तसा नव्हता. तो यंत्रं विकत नसे, भाड्याने देई. भाड्यावरून जनगणना खात्याशी त्याचं बिनसलं. खात्याने त्याची यंत्रं काढून टाकली आणि 1910 च्या मोजणीसाठी जेम्स पॉवर्स या दुसऱ्या इंजिनिअरकडून यंत्रं बनवून घेतली. ज्या जनगणनेसाठी सगळा खटाटोप सुरू झाला, ती हातची गेली. 1911 मध्ये त्याची कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली. तो 1921 पर्यंत सल्लागार राहिला. 1924 मध्ये त्या एकत्र कंपनीला आयबीएम हे नाव मिळालं.

1928 मध्ये आयबीएमने 80 रकान्यांचं कार्ड आणलं आणि पुढच्याच वर्षी, 17 नोव्हेंबर 1929 ला, वॉशिंग्टनमध्ये होलरिथ वारला. ते 80 रकाने पुढे कॉम्प्युटरमध्येही आले. जागा वाचवायला लोक वर्षाचे शेवटचे दोनच आकडे टाकायचे, 1965 ऐवजी 65. ती सवय थेट 1999 च्या डिसेंबरपर्यंत टिकली आणि 2000 साल उजाडताना जगभरच्या बँकांना घाम फोडून गेली. कितीतरी प्रोग्रामर कोडची एक ओळ अजूनही 80 अक्षरांत बसवतात.