चुकीचा पत्ता शोधणारा गणिती

काम सुरू असताना संगणक अचानक थांबतो, पडदा निळा होतो, त्यावर न समजणारे आकडे उमटतात आणि तासाभराची मेहनत वाया जाते. संगणक वापरणारा क्वचितच कुणी या अनुभवातून सुटला असेल. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, कोसळला की असे घडते. त्याचे कारण कधी प्रोग्रामच्या रचनेत असते, तर कधी मेमरीतील एखाद्या शून्याचा आपोआप एक झालेला असतो. या दुसऱ्या प्रकारची चूक यंत्राने स्वतःच शोधावी आणि स्वतःच दुरुस्त करावी, याची रीत घालून देणारे गणितज्ञ म्हणजे रिचर्ड वेस्ली हॅमिंग.

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी शिकागो येथे झाला. त्यांना अभियंता व्हायचे होते. पण शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तेथे अभियांत्रिकी शिकवली जात नव्हती. त्यामुळे ते गणिताकडे वळले. १९३७ मध्ये पदवी, त्यानंतर नेब्रास्का विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट असा त्यांचा शिक्षणप्रवास झाला. त्याच वर्षी वांडा लिटल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९४५ मध्ये ते लॉस अलामोस येथील अणुबॉम्ब प्रकल्पात दाखल झाले. गणनयंत्रे चालती ठेवणे आणि शास्त्रज्ञांची समीकरणे सोडवून देणे हे त्यांचे काम होते. पहिल्या चाचणीपूर्वी एका सहकाऱ्याने त्यांच्याकडे काही आकडेमोड तपासायला दिली. स्फोटामुळे पृथ्वीचे वातावरणच पेट घेईल काय, याचा तो हिशेब होता, अशी आठवण हॅमिंग पुढे सांगत असत. आकडेमोडीवर किती काही अवलंबून असू शकते, याची याहून मोठी जाणीव कोणती असणार!

युद्धानंतर, १९४६ मध्ये ते बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन हे तेथे त्यांचे सहकारी होते. तेथील गणनयंत्र हजारो विद्युत रिलेंवर चाले. एखादा रिले चुकला तर यंत्राला ते कळे आणि ते थांबे. आठवड्याच्या कामकाजाच्या दिवशी कर्मचारी दोष काढून काम पुढे चालू करीत. शनिवार-रविवारी मात्र यंत्रापाशी कुणी नसे. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून देई आणि पुढचे हाती घेई. हॅमिंग यांच्या वाट्याला सुट्टीचेच दिवस येत. सलग दोन सोमवारी त्यांना आपले काम अर्धवट टाकलेले आढळले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या प्रश्नाने त्यांना झपाटले.

त्याचे उत्तर त्यांनी एप्रिल १९५० मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या तांत्रिक नियतकालिकात प्रसिद्ध केले. ते आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. समजा, सात घरे आहेत. त्यांपैकी ३, ५, ६ आणि ७ या घरांत मूळ माहिती ठेवायची. १, २ आणि ४ ही घरे पहारेकऱ्यांची. पहिला पहारेकरी १, ३, ५, ७ या घरांतील एकांची संख्या सम आहे ना, एवढेच पाहतो. दुसरा २, ३, ६, ७ ही घरे पाहतो आणि चौथ्या घरातला ४, ५, ६, ७ ही. आता पाचव्या घरातील अंक उलटला, तर १ आणि ४ क्रमांकाचे पहारेकरी तक्रार करतील, दुसरा गप्प राहील. एक आणि चार मिळून पाच! तक्रारींची बेरीज हाच चुकीचा पत्ता. शून्य आणि एक हे दोनच अंक असल्याने पत्ता सापडला की दुरुस्तीही झालीच.

हे संशोधन झाले तेव्हा आजच्यासारख्या मेमरी चिपा नव्हत्या. त्या आल्या आणि सूक्ष्म होत गेल्या, तशी एक नवी अडचण पुढे आली. चिपच्या वेष्टनातील किरणोत्सर्गी अंशांमुळे किंवा अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे एखादा बिट उलटू शकतो, हे स्पष्ट झाले. २००३ मध्ये बेल्जियममधील स्खारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जादा दिसली. शक्य त्याहून अधिक मते झाल्यानेच हा प्रकार उघडकीस आला. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. म्हणून मेमरीतील एकच बिट उलटला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला.

सर्व्हरच्या मेमरीत ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट ठेवण्याची पद्धत रूढ झाली, ती हॅमिंग यांच्याच कल्पनेचा विस्तार होय. एक बिट चुकला तर तो निमूटपणे दुरुस्त होतो. दोन चुकले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक लपतही नाही. अशा वेळी कर्नल बहुधा यंत्र थांबवतो. चुकीचा आकडा खरा म्हणून बँकेच्या खात्यात लिहिला जाण्यापेक्षा हे थांबणे केव्हाही बरे. बहुतेक घरगुती संगणकांत मात्र ही संपूर्ण सोय नसते. तेथे संशय आला की रात्रभर मेमरीची चाचणी चालवायची आणि एकेक पट्टी काढून दोष कुठे आहे ते पाहायचे, हाच मार्ग उरतो. या विद्येला मर्यादाही आहे. सदोष प्रोग्रामने भलत्याच जागी मजकूर लिहिला, तर पहारेकऱ्यांना तो रीतसरच वाटतो. तो दोष माणसालाच शोधावा लागतो.

१९६८ मध्ये हॅमिंग यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीज सोडून ते कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत अध्यापन करू लागले. विज्ञानात महत्त्वाचे काम करायचे तर महत्त्वाचे प्रश्न निवडले पाहिजेत, हे ते विद्यार्थ्यांना अखेरपर्यंत बजावत राहिले. ७ जानेवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. जगभरच्या सर्व्हरमध्ये त्यांचे पहारेकरी आजही अहोरात्र जागे आहेत. त्यांनी निस्तरलेल्या चुका आपल्याला कधी कळतही नाहीत.