लू गेरिग : सर्वांत मोलाचा फलंदाज

अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम सरला कीं दरवर्षीं एक वाद हटकून माजतो. सर्वांत मोलाच्या खेळाडूस द्यावयाचा जो बहुमान, तो कोणास द्यावा? ज्याची फलंदाजी सर्वांवर कडी करणारी त्यास, कीं ज्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें त्यास? या वादाचें मर्म ज्याच्या चरित्रांत सांपडतें असा पुरुष म्हणजे लू गेरिग.

लूचा जन्म ता. १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरीं, जर्मनींतून आलेल्या एका गरीब कुटुंबांत झाला. चार भावंडांपैकीं तो एकटाच वांचला. संसाराचा भार मुख्यत्वें आईनेंच वाहिला. ती कोलंबिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या एका निवासांत स्वयंपाक करी, आणि पुढें तिचा मुलगा त्याच विद्यापीठांत शिकूं लागला. परंतु १९२३ सालीं त्यानें न्यूयॉर्क यांकीज या धंदेवाईक संघाशीं करार केला.

ता. २ जून १९२५ रोजीं पहिल्या बेसवरील नेहमींचा खेळाडू वॉली पिप याच्या जागीं त्यास उभें करण्यांत आलें. आदल्या दिवशींच्या बदली फलंदाजीपासून धरून १९३९ च्या एप्रिलअखेरपर्यंत तो लागोपाठ २१३० सामने खेळला. हा विक्रम १९९५ सालीं कॅल रिपकेन यानें मोडला. लोक लूची थोरवी बहुधा याच आंकड्यानें मोजतात. मला तें तितकेंसें पटत नाहीं. १९३४ च्या जुलईंत त्याची कंबर धरली असतां, केवळ मालिका तुटूं नये म्हणून त्याचें नांव यादींत सर्वांत वर घालण्यांत आलें आणि एक टोला मारतांच त्यास बाहेर काढण्यांत आलें. अशा हजेरीनें संघाचें काय साधतें?

त्याचें खरें मोल त्याच्या बॅटींत होतें. फलंदाजाकडून संघास दोन गोष्टी हव्या असतात : बाद न होतां बेस गांठणें, आणि दूरवर टोला मारून पुढें गेलेल्या साथीदारांस घरीं आणणें. यांपैकीं पहिलीचें महत्त्व प्रेक्षकांस सहसा कळत नाहीं. चार वाईट चेंडू शांतपणें सोडून जो चालत पहिला बेस गांठतो, त्याचा तो संयम सरासरींत धरलाच जात नाहीं. लूच्या ठिकाणीं टोल्याचें बळ आणि हा संयम हीं दोन्हीं होतीं.

१९२७ सालीं बेब रुथनें ६० होमरन मारले, पण मान लूस मिळाला. कारण त्या काळच्या नियमाप्रमाणें पूर्वीचा मानकरी पुन्हां पात्र नसे, आणि रुथ १९२३ सालींच मानकरी झाला होता. म्हणून कांहीं तो उष्टा मान नव्हे. लूची त्या वर्षींची सरासरी हजारीं ३७३ होती आणि होमरन ४७. रुथ तिसरा फलंदाज, लू चौथा. रुथच्या प्रत्येक होमरननंतर लूपुढें बेस ओसाड असत. तरीही त्यानें १७० हून अधिक धावा घरीं आणल्या! अर्थात् अर्ल कोम्ब्ससारखे आघाडीचे फलंदाज बेसवर जात म्हणूनच हें शक्य झालें. हा आंकडा कधींच एकट्याचा नसतो, हें परीक्षकानें विसरूं नये.

खरी कसोटी १९३४ ची. सरासरी हजारीं ३६३, होमरन ४९, घरीं आणलेल्या धावा दीडशेंहून अधिक. तिन्हीं बाबतींत लू आपल्या लीगमध्यें पहिला. तरी वृत्तपत्रकारांच्या मतदानांत तो पांचवा आला! मान मिळाला डेट्रॉइटच्या मिकी कॉक्रेन यास. त्याचे होमरन अवघे २, सरासरी ३२०. परंतु तो कॅचर होता, शिवाय संघाचा व्यवस्थापकही; आणि १९३३ सालीं पांचव्या आलेल्या त्या संघानें यांकीजना सात सामन्यांनीं मागें टाकून १९०९ नंतर प्रथमच लीग जिंकली होती. कॅचरचें काम अवघड, तें मतांत धरलें हें योग्यच. पण संघ दुसरा आला हा लूचा दोष कसा? संघ जिंकला कीं कप्तानास बक्षीस, ही रीत आपल्या शाळांच्या क्रिकेटसामन्यांतही दिसते, आणि ती मला कधींच रुचलेली नाहीं. हल्लींचे गणिती प्रत्येक टोल्याचें, चालत घेतलेल्या प्रत्येक बेसचें मोल धावांत काढतात; त्या हिशेबानेंही त्या वर्षीं लूइतका मोलाचा फलंदाज त्या लीगमध्यें दुसरा नव्हता.

१९३६ सालीं मात्र यांकीज अजिंक्य ठरले, लूनें पुन्हां ४९ होमरन मारले, आणि मान बिनबोभाट त्याच्याकडे आला. फलंदाज तोच होता. संघाचें स्थान तेवढें बदललें होतें.

१९३८ पासून त्याची शक्ति ओसरूं लागली. पुढील वर्षीं आठ सामन्यांत २८ संधींपैकीं केवळ ४ टोले साधले. ता. २ मे १९३९ रोजीं डेट्रॉइट येथें त्यानें आपण होऊन व्यवस्थापक जो मॅकार्थी यांस आपलें नांव वगळण्यास सांगितलें. जूनमध्यें मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं निदान केलें : स्नायु निकामी करणारा असाध्य रोग. आज अमेरिकेंत तो रोग लूच्याच नांवानें ओळखला जातो. ता. ४ जुलई रोजीं भरल्या मैदानांत त्यानें निरोप घेतला. चौथा फलंदाज म्हणून त्याच्या पाठीवर ४ हा अंक असे. तो यांकीजनीं पुन्हां कोणासही दिला नाहीं. ता. २ जून १९४१ रोजीं, पिपच्या जागीं उभा राहिल्यास बरोबर सोळा वर्षें झालीं त्या दिवशीं, वयाच्या ३७ व्या वर्षीं तो वारला.