नास्तिकाची शपथ

सन १८७८. सप्टेंबर महिन्याच्या ५ आणि ६ तारखेला इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात एक जाहीर वादसभा भरली. ईश्वराची उपासना करणे विवेकाला धरून आहे काय, हा त्या सभेचा विषय होता. मंडनाची बाजू युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक रेव्हरंड आर्मस्ट्राँग यांनी घेतली होती, तर खंडनाची बाजू घेऊन उभे होते चार्ल्स ब्रॅडलॉ. सहा फुटांहून अधिक उंची, भव्य कपाळ आणि दूरवर पोहोचणारा आवाज लाभलेला हा वक्ता त्या काळी इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध आणि बहुधा सर्वांत बदनाम निरीश्वरवादी होता. दोन रात्री चाललेल्या या वादात कोण जिंकले, याचा निवाडा कोणी दिला नाही. मात्र दोन्ही बाजूंचा शब्द न् शब्द लघुलेखकाने टिपून घेतला आणि तो पुढे पुस्तकरूपाने छापला गेला.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये असे वाद ही लोकशिक्षणाची एक मोठी शाळाच होती. सभागृह भाड्याने घ्यायचे, अध्यक्ष नेमायचा, प्रत्येक वक्त्याला ठरावीक वेळ द्यायचा आणि पूर्वपक्ष-उत्तरपक्ष आळीपाळीने ऐकायचे, अशी ही रीत होती. दिवसभर राबून आलेले कामगार आणि कारकून अशा सभांना बसत. मुंबईकरांनाही वादसभा अपरिचित नव्हत्या. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी केलेले वाद प्रसिद्धच आहेत. मात्र तेथे वाद होता तो कोणाचा धर्म खरा याचा. ब्रॅडलॉ यांच्या सभांत प्रश्न होता तो ईश्वर मुळात आहे की नाही, याचा.

ब्रॅडलॉ यांचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी पूर्व लंडनमधील हॉक्स्टन या गरीब वस्तीत झाला. वडील एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. वयाच्या अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्याच कचेरीत निरोप्या म्हणून कामाला लागला. पुढे कोळशाच्या एका व्यापाऱ्याकडे त्याला हिशेबनिसाची नोकरी मिळाली. रविवारी तो चर्चच्या शाळेत लहान मुलांना धर्मशिक्षण देई. बिशपच्या भेटीची तयारी म्हणून स्थानिक धर्मगुरू पॅकर यांनी त्याला इंग्लंडच्या चर्चची ३९ धर्मसूत्रे आणि चार शुभवर्तमाने अभ्यासण्यास सांगितले. मुलाने हा अभ्यास मनापासून केला आणि तेथेच अडचण उभी राहिली. शुभवर्तमानांतील काही तपशील परस्परांशी जुळेनात. त्याने विनयपूर्वक पत्र लिहून धर्मगुरूंकडे मार्गदर्शन मागितले. उत्तरादाखल त्याला तीन महिन्यांसाठी शिकवण्यास बंदी झाली आणि मुलगा नास्तिक झाल्याची तक्रार वडिलांकडे गेली.

वास्तविक त्या वेळी तो नास्तिक नव्हता. रिकाम्या रविवारी तो बॉनर्स फील्ड्स या मैदानावर जाऊ लागला. तेथे मुक्तविचारवादी मंडळी उघड्यावर सभा घेत. हा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याशी बायबलच्या बाजूने वाद घाली. बायबल ईश्वरप्रेरित आहे काय, या विषयावरील एका वादात त्याचा पराभव झाला आणि तो त्याने प्रांजळपणे मान्य केला. इकडे धर्मगुरूंच्या आग्रहावरून वडिलांनी आणि मालकाने त्याला मते बदलण्यासाठी तीन दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्यापूर्वी त्याने नोकरी सोडली आणि घरही सोडले. शंकेचे उत्तर शिक्षेने मिळाले, याची खूणगाठ त्याच्या मनात कायमची बसली असावी. पुढच्या आयुष्यात हाच अनुभव त्याला पुन्हा पुन्हा येणार होता.

मुक्त विचारांसाठी तुरुंगवास भोगलेल्या रिचर्ड कार्लाइल यांच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला. कोळसा विकून पोट भरेना, कर्ज झाले, तेव्हा १८५० च्या डिसेंबरात तो लष्करात भरती झाला. आयर्लंडमध्ये तैनात असताना जमीनदारांनी बेघर केलेली कुटुंबे त्याने पाहिली. परकी सत्ता आणि दारिद्र्य यांचे नाते त्याला तेथे उमगले. १८५३ मध्ये एका वृद्ध नातलग स्त्रीकडून मिळालेल्या वारशाच्या पैशांतून त्याने लष्करातून सुटका करून घेतली आणि लंडनमध्ये वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसा कायद्याचे काम आणि रात्री व्याख्याने, असा क्रम सुरू झाला. मालकाला त्रास होऊ नये म्हणून व्याख्यानांसाठी त्याने ‘आयकॉनोक्लास्ट’, म्हणजे मूर्तिभंजक, हे टोपणनाव घेतले.

पुढील दोन दशकांत ब्रॅडलॉ गावोगाव हिंडले. १८६० मध्ये ते ‘नॅशनल रिफॉर्मर’ या पत्राचे संपादन करू लागले आणि १८६६ मध्ये त्यांनी नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना केली. त्यांच्या वादांपैकी थॉमस कूपर यांच्याशी १८६४ मध्ये लंडनच्या हॉल ऑफ सायन्समध्ये झालेला वाद विशेष गाजला. कूपर हे चार्टिस्ट चळवळीतील कवी. लोकहक्कांसाठी ते तुरुंगात गेले होते, मध्यंतरी अश्रद्ध झाले होते आणि नंतर पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले होते. विश्वाचा कर्ता आणि नैतिक नियंता असा ईश्वर आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

ब्रॅडलॉ यांची वादपद्धती वकिली वळणाची होती. प्रथम ते प्रतिपक्षाकडून शब्दांची व्याख्या मागत. ईश्वर नाही, असे विधान ते करीत नसत. ईश्वर या शब्दाने नेमके काय सुचवले जाते हे आपल्याला कळत नाही आणि ज्याची कल्पनाच स्पष्ट नाही ते मान्यही करता येत नाही किंवा नाकारताही येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. विश्वाहून वेगळा असा विश्वकर्ता मानला तर त्याचे आणि विश्वाचे नाते कोणते, हा त्यांचा एक प्रश्न. सर्वशक्तिमान आणि दयाळू परमेश्वराच्या राज्यात उपासमार आणि वेदना का, हा दुसरा. यावर धर्मोपदेशकही निरुत्तर नसत. सदसद्विवेकाची हाक, विश्वातील सुसंगती आणि अंतरीचा अनुभव यांचा आधार ते घेत. अनेकदा प्रतिपक्षाची बाजूही तितकीच तयारीची असे.

अर्थात सगळेच वाद सभ्य नसत. ब्रुइन ग्रँट या धर्मोपदेशकाशी त्यांच्या झालेल्या सभांत कटुता पुष्कळ होती. सभागृहे आयत्या वेळी नाकारली जात, दगडफेकही होई. ब्रॅडलॉ सभेत घड्याळ काढून ठेवतात आणि ईश्वर असेल तर त्याने पाच मिनिटांत आपल्याला मारून दाखवावे असे आव्हान देतात, ही कंडी तर वर्षानुवर्षे पिकवली गेली. असे कधीही घडले नव्हते. अखेर त्यांना त्यासाठी न्यायालयात जावे लागले.

न्यायालयाचीही एक वेगळीच अडचण होती. ज्याचा ईश्वरावर विश्वास नाही त्याच्या शपथेला अर्थ नाही, म्हणून त्याची साक्षच ग्राह्य नाही, असा त्या काळचा कायदा होता. ब्रॅडलॉ यांना स्वतःच्याच दिवाणी दाव्यात याचा फटका बसला. १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी अश्रद्धांना शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देण्याची मुभा मिळाली, त्यात त्यांच्या झुंजीचा मोठा वाटा होता. १८७७ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांच्यासह त्यांनी संततिनियमनावरील एक जुनी पुस्तिका पुन्हा प्रसिद्ध केली. त्याबद्दल दोघांना सहा महिने कैद आणि २०० पौंड दंड अशी शिक्षा झाली. तांत्रिक दोषामुळे ती अपिलात रद्द झाली. तथापि बेझंटबाईंना आपल्या मुलीचा ताबा गमवावा लागला.

एप्रिल १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी ब्रॅडलॉ यांना संसदेत निवडून दिले. ३ मे रोजी त्यांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क मागितला. तो नाकारला गेला. तेव्हा शपथ घेण्याची तयारी त्यांनी दर्शवली. शपथेतील ईश्वरविषयक शब्दांना आपल्या लेखी अर्थ नसला तरी दिलेल्या वचनाने आपण पूर्णपणे बांधले जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. ही माघार त्यांच्या काही अनुयायांनाही रुचली नाही आणि विरोधकांच्या हाती तर आयतेच कोलीत मिळाले. २२ जून रोजी कॉमन्स सभेने २७५ विरुद्ध २३० मतांनी त्यांना शपथ आणि प्रतिज्ञा दोन्ही नाकारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सभागृह सोडण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना संसदेच्या क्लॉक टॉवरमध्ये कैद करण्यात आले.

पुढची सहा वर्षे हा लढा चालला. स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून बसण्यास त्यांना जुलै १८८० मध्ये परवानगी मिळाली. पण न्यायालयाने ती बेकायदा ठरवली आणि जागा रिकामी झाली. नॉर्दॅम्प्टनने त्यांना पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी पोलिसांनी त्यांना ओढत संसदेबाहेर काढले. १८८२ मध्ये त्यांनी खिशातील पुस्तक काढून स्वतःच शपथ घेतली, तेव्हा त्यांची हकालपट्टी झाली. मतदारांनी त्यांनाच परत पाठवले. कार्डिनल मॅनिंग यांच्यासारखे धर्मनेते विरोधात होते. मात्र पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यासारखा निस्सीम ख्रिस्तभक्त प्रतिज्ञेचे विधेयक घेऊन सभागृहात उभा राहिला, हे विसरता येणार नाही. ते विधेयक १८८३ मध्ये अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. स्ट्युअर्ट हेडलॅम या पाद्र्याने तर कैदेत असलेल्या ब्रॅडलॉ यांना तारेने सहानुभूती कळवली होती. अखेर १३ जानेवारी १८८६ रोजी नवे सभापती पील यांनी कोणाचाही हस्तक्षेप मान्य न करता त्यांना शपथ घेऊ दिली. १८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नाने शपथ कायदा संमत झाला आणि शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क इंग्लंडमध्ये निर्विवाद झाला.

संसदेत त्यांनी भारताचे प्रश्न इतक्या सातत्याने मांडले की भारताचे खासदार अशी त्यांची ख्याती झाली. १८८९ च्या शरद ऋतूत ते गंभीर आजारी पडले. त्यातून उठताच सागरी प्रवास करून ते डिसेंबरात मुंबईस आले. सर विल्यम वेडरबर्न यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे पाचवे अधिवेशन तेथे भरले होते. १८८९ साली १८८९ प्रतिनिधी, असा विलक्षण योग त्या वेळी जुळून आला. फिरोजशहा मेहता स्वागताध्यक्ष होते, टिळक आणि गोखले उपस्थित होते आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाई स्त्री प्रतिनिधींमध्ये होत्या. त्या मंडपात हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती श्रोत्यांनी या निरीश्वरवाद्याचे भाषण आस्थेने ऐकले. मायदेशी परतल्यावर ब्रॅडलॉ यांनी १८९० मध्ये भारतातील कायदेमंडळांच्या सुधारणेचे विधेयक संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. सरकारचा स्वतःचा, अधिक सावध कायदा १८९२ मध्ये झाला, तेव्हा ते हयात नव्हते.

जानेवारी १८९१ मध्ये ते अंथरुणाला खिळले. २७ तारखेला कॉमन्स सभेने १८८० चा तो ठराव आपल्या दप्तरातून एकमताने काढून टाकला. ज्याच्यासाठी हे घडले त्याला मात्र ते कळण्याइतकी शुद्ध उरली नव्हती. ३० जानेवारी रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शेवटी त्यांनी पश्चात्ताप केला, ही वावडीही यथावकाश उठली आणि कन्या हायपेशिया यांना ती खोडून काढण्यात बरीच वर्षे खर्च करावी लागली.

वोकिंगजवळील ब्रुकवुड दफनभूमीत कोणत्याही धर्मविधीविना आणि भाषणाविना त्यांचा अंत्यविधी झाला. लंडनमधील भारतीय मोठ्या संख्येने गेले होते. काही पाद्रीही आले होते. भारतीयांमध्ये एकवीस वर्षांचे कायद्याचे विद्यार्थी मोहनदास गांधी होते. परतताना स्थानकावर घडलेला एक प्रसंग त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. एका कट्टर नास्तिकाने तेथे एका पाद्र्याला गाठले आणि पृथ्वीचा परीघ मान्य असेल तर आता परमेश्वराचा आकार आणि ठावठिकाणा सांगा, असा त्याला पेच घातला. तो आपल्या दोघांच्याही हृदयात वसतो, असे पाद्र्याने हळू आवाजात सांगितले. त्यावर आपल्याला मूल समजू नये, असे बजावून तो नास्तिक विजयी मुद्रेने उपस्थितांकडे पाहू लागला. पाद्री नम्रपणे गप्प राहिला. नास्तिकतेविषयीची गांधींची नावड या संवादाने अधिकच वाढली.

वाद कसा करू नये, याचाच तो नमुना होता. ब्रॅडलॉ यांनी प्रतिपक्षाला व्यासपीठ दिले, तेवढाच वेळ दिला आणि त्याचा शब्द आपल्या शब्दाशेजारी छापून घेतला. ईश्वर आहे की नाही, याचा निकाल त्यांच्या एकाही सभेत लागला नाही. श्रद्धा नसलेल्या माणसाच्या वचनाला किंमत आहे, एवढे मात्र त्यांच्या आयुष्याने सिद्ध केले. आज भारताच्या संसदेत किंवा विधिमंडळात निवडून आलेला सदस्य ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिलेले आहेत आणि त्यांपैकी कोणता का निवडला, असे त्याला कोणी विचारत नाही.