कातड्याचा चेंडू : रेव्हरंड टिंडेल-बिस्को यांचे अल्पचरित्र

मृगाच्या सरी येऊन गेल्या आणि शाळेचे पटांगण ओले झाले, की आपल्या विद्यार्थ्यांस पुस्तकांपेक्षा फुटबॉलचे वेध अधिक लागतात. कोण आघाडीस खेळणार, कोणास गोल राखावयास सांगणार, याची चर्चा वर्गावर्गांत चालते. कातड्याच्या चेंडूस पाय लावण्यात काही विशेष आहे, असे आज कोणाच्या स्वप्नीही येत नाही. परंतु विद्यार्थीमित्रहो, आपल्याच देशातील एका शाळेत असा एक हंगाम येऊन गेला, की तेव्हा त्या चेंडूस नुसता स्पर्श करणे हे मोठे धर्मसंकट होऊन बसले होते. ही शाळा काश्मीरची राजधानी श्रीनगर येथील मिशनची शाळा होय, आणि तेथे तो चेंडू नेणारे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड सेसिल अर्ल टिंडेल-बिस्को. त्यांचे चरित्र बोधप्रद आहेच, पण ते विचार करावयासही लावते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

बिस्को यांचा जन्म इंग्लंडातील ऑक्सफर्डशायर परगण्यात ९ फेब्रुवारी १८६३ रोजी झाला. देहयष्टीने ते लहानखुरे होते. ब्रॅडफील्ड येथील शाळेत असताना थोराड मुलांकडून त्यांस पुष्कळ जाच सोसावा लागला. दुबळ्यावर बळ गाजवणाऱ्याविषयी त्यांच्या मनात जन्मभर जो तिटकारा राहिला, त्याचे मूळ ह्या दिवसांत असावे. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेल्यावर मात्र त्यांची लहान मूर्तीच त्यांच्या उपयोगी पडली. नौकेच्या शर्यतीत आठ धिप्पाड वल्हेकऱ्यांपुढे बसून सुकाणू धरणारा मनुष्य वजनाने हलका, परंतु मनाने खंबीर असावा लागतो. १८८४ साली ऑक्सफर्ड व केंब्रिज यांच्यामधील प्रसिद्ध शर्यतीत केंब्रिजच्या नौकेचे सुकाणू बिस्को यांच्या हाती होते, आणि ती नौका विजयी झाली. आठ जणांनी एका तालावर वल्ही मारली तरच नौका पुढे जाते, एकट्याच्या मोठेपणास तेथे थारा नसतो, हा धडा त्यांनी नदीवर घेतला आणि पुढे पन्नासांहून अधिक वर्षे इतरांस दिला. १८८७ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. लंडनच्या व्हाइटचॅपेल ह्या दरिद्री वस्तीत काही काळ सेवा करून ते चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने हिंदुस्थानास येण्यास निघाले.

१८९० साली ते श्रीनगरास पोहोचले. तेथील मिशनची शाळा १८८० साली निघाली होती. बिस्को आले तेव्हा शाळेत सुमारे दोनशे विद्यार्थी होते व ते बहुतेक सर्व ब्राह्मण पंडितांच्या घरचे होते. पायघोळ फेरन अंगात घालून, त्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून, मुले दाटीवाटीने भुईवर बसत. पाठांतरात ती तरबेज होती. परीक्षा द्यावी आणि दरबारात कारकुनी मिळवावी, एवढाच विद्येचा हेतू त्यांस व त्यांच्या पालकांस ठाऊक होता. धावणे, वल्हे मारणे, ओझे उचलणे ही हलक्या लोकांची कामे आहेत, सभ्य मनुष्याने अंग हलवू नये, असा त्या समाजाचा दृढ समज होता. खेळ हा शब्दही त्या शाळेच्या वेळापत्रकात नव्हता. हे सारे पाहून नव्या शिक्षकाचे मन खिन्न झाले. ज्या मुलाचे शरीर दुर्बळ आणि मन भित्रे, तो पुढे अधिकारावर बसला तर गरिबांचा कैवार काय घेणार, असा प्रश्न त्यांस पडला. लवकरच शाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली, आणि त्यांनी आपल्या मनाशी एक निश्चय केला.

त्या काळी फुटबॉल आपल्या देशात बहुतांशी गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. सिमल्यास ड्युरँड चषकाचे सामने १८८८ साली सुरू झाले होते, आणि आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकासाठी पलटणी १८९१ साली प्रथम झुंजल्या. त्याच १८९१ च्या शरद ऋतूत, नुकताच विवाह झालेले बिस्को श्रीनगरच्या शाळेत एक कातडी चेंडू घेऊन आले.

सर्व विद्यार्थ्यांस एकत्र बसवून त्यांनी तो चेंडू उंच धरून दाखवला. ही वस्तू काय आहे, असे मुलांनी विचारले. हा खेळावयाचा चेंडू आहे, असे उत्तर मिळाले. मग तो कशाचा केला आहे, असा प्रश्न आला. कातड्याचा, असे समजताच सभेत एकच गलबला उठला. मेलेल्या जनावराचे चामडे ब्राह्मणाने कसे शिवावे? तो चेंडू दृष्टीआड करावा, अशी विनवणी मुलांनी केली. बिस्को यांनी वाद घातला नाही. त्यांनी फळ्यावर मैदानाची आकृती काढली, कोणी कोठे उभे राहावयाचे व चेंडू कोणत्या खांबांमधून न्यावयाचा हे समजावून सांगितले, आणि त्याच दिवशी दुपारी खेळ होईल असे जाहीर केले.

मुलांचा मनोदय काय आहे हे त्यांनी ओळखले होते. म्हणून शाळा सुटण्यापूर्वी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांस रस्त्याच्या वळणावळणावर उभे केले, जेणेकरून कोणास गल्लीबोळातून पळ काढता येऊ नये. मेंढरांचा कळप हाकीत न्यावा तशी ती मिरवणूक मैदानावर आली. कोणाच्या पायांत खडावा, कोणाच्या डोक्यास पागोटे, कोणाच्या फेरनाखाली कांगडी, असे ते खेळाडू होते. ही मौज पाहावयास शहरातील लोकांची गर्दी लोटली. दोन्ही पक्ष आपापल्या जागी उभे करण्यात आले व चेंडू मध्यभागी ठेवण्यात आला. आता त्यास पाय लावावा, अशी आज्ञा झाली. परंतु कोणीही हलेना. मुलांच्या नजरा कधी चेंडूकडे, कधी जमावाकडे, तर कधी गुरुजींच्या काठ्यांकडे वळत होत्या. बिस्को यांनी घड्याळ काढले आणि पाच मिनिटांची मुदत दिली. तेवढ्यात खेळ सुरू न झाल्यास काठ्यांचा प्रयोग होईल, हे त्यांनी स्पष्ट केले. एकेक मिनिट सरत गेले. मुदत भरली, शिक्षक पुढे सरसावले, आणि मुलांचा धीर सुटून तो सारा घोळका त्या चेंडूवर तुटून पडला. खडावा एकीकडे, पागोटी दुसरीकडे, फेरन पायांत अडकून खेळाडू तिसरीकडे, अशी अवस्था झाली; तरी खेळ रंगला.

इतक्यात अकस्मात खेळ थांबला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू आदळला होता. मार फारसा लागला नव्हता. परंतु ओठांस चामड्याचा स्पर्श झाला, आपण बाटलो, आता घरी कोणत्या तोंडाने जावे, ह्या भयाने तो मुलगा रडू लागला. त्याचे सोबती भोवती जमून हळहळू लागले. बिस्को यांनी त्यास जवळच्या कालव्यावर नेऊन तोंड धुवून आणण्यास सांगितले. तो स्वच्छ होऊन परत आला, सर्वांचे समाधान झाले, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

मित्रहो, हा प्रसंग वाचताना आपणांस हसू येते. पण त्या मुलाच्या जागी क्षणभर स्वतःस उभे करून पाहावे. त्याच्या मागे आई होती, आजी होती, सारी भाऊबंदकी होती. मैदानावर त्यास गुरूचे भय, तर घरी बहिष्काराचे भय, अशा दोन्ही बाजूंच्या कात्रीत तो सापडला होता. श्रीनगरच्या अनेक घरांत तेव्हा क्षोभ उसळला, यात नवल ते काय? तरीही तो खेळ बंद पडला नाही. ज्या मुलांस दुपारी हाकून न्यावे लागे, तीच मुले हळूहळू आपल्या पायांनी मैदानाकडे धावू लागली. खेळण्यास अडचण होते म्हणून सैल फेरन कंबरेशी आवळले गेले, खडावा बाजूस राहिल्या. पुढील वर्षांत शाळेचे संघ सिद्ध झाले, दुसऱ्या शाळांनीही हा खेळ उचलला आणि शाळाशाळांत सामने होऊ लागले. ज्या चेंडूचा विटाळ मानला जात होता, तो अखेर खोऱ्यातील पोरांचा लाडका झाला.

ह्या यशाचे श्रेय एकट्या बिस्को यांस देणे न्यायाचे होणार नाही. त्या दिवशी काठ्या घेऊन उभे असलेले शिक्षक स्वतः बहुतेक पंडित घराण्यांतलेच होते. साहेबास समाजाची भीती नव्हती; शिक्षकांस मात्र त्याच समाजात राहून मुलामुलींची लग्ने करावयाची होती. त्यांनी धैर्य दाखवले नसते, तर तो चेंडू कपाटातच पडून राहिला असता. पुढे अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम करणारे पंडित शंकर कौल यांचे नाव ह्या संबंधात कृतज्ञतेने घेतले पाहिजे.

फुटबॉल हा बिस्को यांच्या कार्याचा केवळ आरंभ होता. झेलम नदी व दल सरोवर यांच्या काठी राहूनही मुलांस पोहता येत नव्हते. म्हणून त्यांनी पोहणे आवश्यक केले, आणि ठराविक वयापर्यंत जो पोहण्यास शिकत नसे त्याची फी वाढवण्याचा नियम केला. नौका वल्हवणे, मुष्टियुद्ध, महादेव पर्वतावरील चढाई हे सारे शिक्षणाचे भाग झाले. परंतु कमावलेले बळ कोणाच्या उपयोगी पडले, हा त्यांचा खरा प्रश्न असे. नदीस पूर आला की शाळेच्या नौका वेढलेल्या लोकांच्या सुटकेस जात. आग लागली की मुले पाणी घेऊन धावत. पटकीची साथ आली तेव्हा त्यांनी फावडी घेऊन गल्ल्यांतील घाण उपसली. मिशनच्या इस्पितळातील दुखणाईतांस नौकेत बसवून सरोवराची हवा खावयास नेणे, हेही त्यांचे काम असे. शाळेच्या चिन्हावर एकमेकांवर ठेवलेली दोन वल्ही होती. वल्हे हे कष्टाचे चिन्ह, त्याचे हृदयाच्या आकाराचे पाते हे दयेचे चिन्ह, आणि त्यांची क्रुसाप्रमाणे असलेली मांडणी हे स्वार्थत्यागाचे चिन्ह, असा त्याचा अर्थ होता. सर्व गोष्टींत मर्द व्हावे, हे शाळेचे ब्रीद होते. आणि ज्याच्या ठायी सामर्थ्य व दया एकत्र नांदतात तोच मर्द, अशी त्यांची व्याख्या होती. गुणपत्रकातही नुसत्या पुस्तकी विद्येस नव्हे, तर शरीर व शील यांसही गुण मिळत.

बिस्को निर्दोष होते, असे कोणी म्हणणार नाही. काश्मिरी लोकांविषयी त्यांच्या लेखांत कठोर व अपमानकारक उद्गार आढळतात. राज्यकर्त्यांच्या जातीचा ताठा त्यांच्या अंगी होता. मुलांच्या घरच्या श्रद्धेस काठीच्या धाकाने धक्का देणे हे आजच्या शिक्षकास शोभणार नाही, आणि ते योग्यही नव्हे. परंतु त्यांनी बाप्तिस्म्यांची संख्या वाढवण्यासाठी शाळा चालवली नाही, हेही तितकेच खरे. ह्याबद्दल त्यांच्या मिशनमधील काही मंडळींनी त्यांस दोषही दिला. प्रभू येशूने रोग्यांस हात लावला, शिष्यांचे पाय धुतले. तो सेवाधर्म मुलांच्या हातून घडावा, मग ती कोणत्याही धर्माची असोत, अशी त्यांची धारणा होती. आम्हांस वाटते, की पहिल्या दिवशी काठीने चेंडू हलला खरा; पण काठीच्या बळावर कोणी पुरात उडी घेत नाही. ती उडी मुलांनी स्वतःच्या अंतःकरणाने घेतली, आणि तेथेच ह्या शिक्षकाचा खरा विजय दिसून येतो.

१९४७ साली, पन्नासांहून अधिक वर्षांच्या सेवेनंतर, बिस्को यांनी काश्मीरचा निरोप घेतला, आणि १ ऑगस्ट १९४९ रोजी आफ्रिकेतील ऱ्होडेशियात, सॉल्सबरी येथे, त्यांचे देहावसान झाले. श्रीनगरात त्यांच्या नावाची शाळा आजही चालू आहे.

पालकांस एवढीच विनंती, की मुलगा चिखलाने माखून घरी आला तर त्याचा वेळ फुकट गेला असे समजू नये. आणि विद्यार्थीमित्रहो, पुढील हंगामात मैदानावर उतराल तेव्हा, तोंड धुवून पुन्हा खेळावयास आलेल्या त्या अनामिक मुलाचे स्मरण ठेवा. सामना कोणी जिंकला हे आज कोणासही ठाऊक नाही. पण भयाने रडणारा तो मुलगा परत मैदानात आला, हे मात्र सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही सांगण्याजोगे राहिले आहे.