डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल

अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेलच. त्यांच्या पदवीची हकीकत बोधपर पुस्तकांतून वारंवार येते, आणि बहुधा तेथेंच संपते. आम्हांस मात्र त्यानंतरचीं वर्षें अधिक मोलाचीं वाटतात. अंगीं विद्या असून परक्या देशांत जिला कोणी विचारीना अशा एका तरुण स्त्रीस या बाईंनीं कसें उभें केलें, ती कथा त्या वर्षांतील आहे. तीच येथें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एलिझाबेथबाईंचा जन्म ३ फेब्रुवारी १८२१ रोजीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं झाला. वडिलांचा साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता. १८३२ सालीं तें कुटुंब अमेरिकेस गेलें. म्हणजे परका मुलूख कसा असतो हें त्यांनीं अकराव्या वर्षींच पाहिलें. पुढें सहा वर्षांनीं सिनसिनाटी येथें वडील वारले, आणि पोटासाठीं घरांतील स्त्रियांस शाळा काढावी लागली. वैद्यक शिकण्याचा निश्चय झाल्यावर अनेक विद्यालयांनीं त्यांस नकार दिला. न्यूयॉर्क संस्थानांतील जिनीव्हा या लहान गांवच्या विद्यालयानें तो प्रश्न विद्यार्थ्यांवर सोपविला, व विद्यार्थ्यांनीं ती थट्टा समजून होकार दिला. थट्टेनें उघडलेल्या त्या दारांतून त्या आंत गेल्या आणि २३ जानेवारी १८४९ रोजीं पदवी घेऊन बाहेर पडल्या.

पॅरिस येथील प्रसिद्ध सूतिकागृहांत मात्र त्या पदवीस कोणी किंमत दिली नाहीं. सुइणीचें काम शिकणाऱ्या मुलींबरोबर त्यांस विद्यार्थिनी म्हणूनच रहावें लागलें. तेथें एका तान्ह्या मुलाचा दुखरा डोळा धूत असतां दूषित पाणी त्यांच्या डोळ्यांत उडालें. त्यांचा एक डोळा कायमचा गेला, आणि शस्त्रवैद्य होण्याची आशाही त्याबरोबर गेली. नंतर लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू इस्पितळांत कांहीं काळ अनुभव घेऊन १८५१ सालीं त्या न्यूयॉर्कास परतल्या. तेथेंही इस्पितळांनीं त्यांस जागा दिली नाहीं आणि घरमालकांनीं दारें लावून घेतलीं. याचें एक कारण सांगितलें पाहिजे. त्या शहरांत चोरून गर्भपात करणाऱ्या बायका स्वतःस डॉक्टरीण म्हणवीत, त्यामुळें तो शब्दच बदनाम झाला होता. १८५३ सालीं बाईंनीं गरीब वस्तींत एक लहानसा दवाखाना काढला. तेथें त्या जवळजवळ एकट्याच होत्या.

त्याच वर्षीं बर्लिनहून मारी झाक्शेव्स्का नांवाची तेवीस वर्षांची मुलगी धाकट्या बहिणीस घेऊन न्यूयॉर्क बंदरांत उतरली. ती कांहीं नवशिकी नव्हती. बर्लिनच्या शारिटे या मोठ्या इस्पितळांत सुइणीची विद्या शिकून वयाच्या बाविसाव्या वर्षीं ती तेथील मुख्य सुईण झाली होती. परंतु तिचा पाठिराखा प्राध्यापक श्मिट हा तिची नेमणूक होतांच मरण पावला, आणि मत्सरी लोकांनीं तिला सहा महिन्यांत ती जागा सोडावयास लावली. अमेरिकेंत स्त्रिया डॉक्टर होतात असें ऐकून ती मोठ्या आशेनें आली होती. घराण्याच्या ओळखीच्या एका जर्मन डॉक्टरानें तिला आपल्या हाताखालीं परिचारिकेची जागा देऊं केली. तिनें ती नाकारली, व लोकरीच्या विणकामाचा धंदा मांडून वर्षभर बहिणींसह पोट भरलें. बर्लिनच्या इस्पितळांत जिच्या शब्दावर प्रसूतिविभाग चाले, ती न्यूयॉर्कांत लोकर विकीत होती.

मे १८५४ मध्यें कोणीतरी तिला एलिझाबेथबाईंकडे धाडलें. बाईंनीं तिला पैसे दिले नाहींत, दयाही दाखविली नाहीं. तिची परीक्षा पाहिली आणि आपणांस हवी तशी विद्यार्थिनी सांपडली असें बहीण एमिली हिला कळविलें. त्या काळीं न्यूयॉर्कांत सरकारी परवान्याचें बंधन फारसें नव्हतें. खरा परवाना म्हणजे तेथील विद्यालयाची पदवी आणि चार माणसांची ओळख. बर्लिनची विद्या कितीही उत्तम असली तरी येथें तिचा उपयोग होणार नाहीं, हें बाईंनीं मारीस स्पष्ट सांगितलें. हें सांगणें कठोर होतें. पण गोड बोलून तिला आशेवर ठेवणें त्याहून वाईट झालें असतें, असें आम्हांस वाटतें. मग त्या स्वतः तिला इंग्रजी शिकवूं लागल्या. दवाखान्यांत तिला हाताशीं घेतलें आणि क्लीव्हलंडच्या ज्या विद्यालयांतून एमिली नुकतीच उत्तीर्ण झाली होती तेथें तिच्यासाठीं पत्र लिहिलें. मारी तेथें गेली. भाषा अर्धवट, पैसा नाहीं आणि वर्गांतील बहुतेक तरुणांस तिचें तोंडही नको. तथापि १८५६ सालीं ती पदवी घेऊन परत आली. तरीही न्यूयॉर्कांत तिला पाटी लावण्यास कोणी खोली देईना. तेव्हां एलिझाबेथबाईंनीं आपल्याच घरांतील मागची बैठकीची खोली तिला दिली.

हा परोपकार एकतर्फी होता असें मात्र कोणी समजूं नये. बाईंस स्त्रियांचें इस्पितळ काढावयाचें होतें आणि त्यासाठीं मारीनें गांवोगांव हिंडून वर्गणी गोळा केली. १२ मे १८५७ रोजीं ब्लीकर स्ट्रीटवर तें इस्पितळ उघडलें. एलिझाबेथ, एमिली आणि मारी या तिघी तें चालवीत. मारी दोन वर्षें पगार न घेतां तेथेंच राहिली. रोग्यांत जर्मन, आयरिश असे नुकतेच देशोधडीस लागून आलेले लोक पुष्कळ, तेव्हां मारीच्या जर्मन भाषेचा उपयोगच झाला. एकदां एक बाई दगावली, तेव्हां तिचे आप्त कुदळी-फावडीं घेऊन दारावर आले आणि बायकांनीं तिला मारलें असा ओरडा करूं लागले. पोलिसांनीं समजूत घालून जमाव पांगविला.

आतां खुद्द एलिझाबेथबाईंवर परवान्याचा प्रसंग कसा आला तें पाहूं. १८५८ सालीं ब्रिटनमध्यें वैद्यकीय कायदा झाला व डॉक्टरांचें सरकारी नोंदपुस्तक सुरू झालें. परदेशी पदवी असलेल्या परंतु १ ऑक्टोबर १८५८ पूर्वीं ब्रिटनमध्यें वैद्यकी केलेल्या डॉक्टरांस त्यांत घेण्याची एक सवलत होती. तिचा आधार घेऊन जानेवारी १८५९ मध्यें बाईंचें नांव नोंदलें गेलें. त्या पुस्तकांतील तें पहिलें स्त्रीचें नांव. सवलतीची मुदत सरली आणि मागून येणाऱ्या स्त्रियांस ती वाट राहिली नाहीं. त्याच वर्षीं बाईंचीं व्याख्यानें ऐकून एलिझाबेथ गॅरेट हिनें डॉक्टर होण्याचें मनावर घेतलें. १८६५ सालीं औषधविक्रेत्यांच्या मंडळाची परीक्षा देऊन ती नोंदपुस्तकांत शिरली. लगेच त्या मंडळानें नियम बदलून स्त्रियांस ती वाटही बंद केली.

१८६९ सालीं बाई कायमच्या इंग्लंडास गेल्या. १८७४ मध्यें सोफिया जेक्स-ब्लेक हिच्या पुढाकारानें लंडनांत स्त्रियांची वैद्यकशाळा निघाली; बाईंनीं तींत अध्यापन केलें. दोन वर्षांनीं नवा कायदा झाला, आणि १८७७ सालीं आयर्लंडच्या एका वैद्यमंडळानें स्त्रियांची परीक्षा घेतली. स्वित्झर्लंडची पदवी असून नोंद न मिळालेल्या ज्या स्त्रिया तेथें उत्तीर्ण झाल्या, त्यांपैकीं डॉ. एडिथ पिची १८८३ सालीं मुंबईस आल्या व कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. आपल्या डॉ. रखमाबाईंस लंडनच्या त्याच शाळेंत जाण्यास त्यांनींच प्रोत्साहन दिलें.

उतारवयांत एलिझाबेथबाईंनीं देवीच्या लसीस विरोध केला. ही त्यांची चूकच होती, व ती झांकण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

मारी १८५९ सालीं बोस्टनला गेली. तिनें सूक्ष्मदर्शक यंत्र मागितलें तें तेथील विद्यालयाच्या चालकास युरोपांतलें खूळ वाटलें. तेव्हां १८६२ सालीं तिनें स्त्रियांचें व मुलांचें स्वतंत्र इस्पितळ काढलें. मेरी महोनी ही अमेरिकेंतील पहिली कृष्णवर्णीय प्रशिक्षित परिचारिका १८७९ सालीं तेथूनच बाहेर पडली. मारीचें आडनांव अमेरिकन लोकांस उच्चारतां येईना, म्हणून सारे तिला डॉ. झॅक म्हणत. ती १२ मे १९०२ रोजीं वारली. ब्लीकर स्ट्रीटवरील इस्पितळ उघडलें त्याला त्या दिवशीं बरोबर पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. एलिझाबेथबाई त्यानंतर आठ वर्षें जगल्या. ३१ मे १९१० रोजीं हेस्टिंग्ज येथें त्यांचें देहावसान झालें, आणि स्कॉटलंडांतील किलमुन गांवच्या देवळाच्या आवारांत त्यांस मूठमाती देण्यांत आली.