पृथ्वीचं वय शोधता शोधता पोरांच्या रक्तातलं विष शोधून काढणारा शास्त्रज्ञ

पृथ्वीचं वय किती, असं विचारलं तर शाळेतलं पोरगंही सांगेल, साधारण साडेचार अब्ज वर्षं. हा आकडा नेमका मांडला तो क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. एवढ्या एका कामावरही त्यांचं नाव इतिहासात राहिलं असतं.

पण हे काम करताना त्यांच्या हाती भलतीच गोष्ट लागली. घराच्या रंगात, अन्नाच्या डब्यात, गाडीच्या धुरात, सगळीकडे शिसं होतं. आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत मोजत होती ती लहान मुलं.

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. वडील टपाल खात्यात कामाला. आईने लहानपणी रसायनांच्या प्रयोगांचा संच आणून दिला आणि पोरगं त्यातच रमलं. पुढे रसायनशास्त्र शिकले, कॉलेजातच भेटलेल्या लॉर्ना यांच्याशी लग्न केलं. दुसऱ्या महायुद्धात दोघंही अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात होते. तिथे पॅटरसन यांचा हात मास स्पेक्ट्रोमीटरवर बसला. पदार्थातले अणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं हे यंत्र. पुढे आयुष्यभर तेच त्यांचं हत्यार राहिलं.

युद्ध संपलं. १९४८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राऊन यांनी त्यांना पीएचडीसाठी काम दिलं. कल्पना सोपी होती. युरेनियमचं हळूहळू शिशात रूपांतर होतं आणि त्याचा वेग ठरलेला असतो. मग खडकातलं शिसं मोजलं की खडकाचं वय निघतं.

पण गणित काही जमेना. नमुन्यात जेवढं शिसं असायला हवं, त्याच्या कितीतरी पट जास्त दिसायचं.

चूक यंत्राची नव्हती. शिसं बाहेरून येत होतं. काचेच्या भांड्यांतून, नळाच्या पाण्यातून, भिंतीच्या रंगातून, हवेतल्या धुळीतून, अगदी माणसाच्या केसांतून आणि कपड्यांतूनसुद्धा.

मग पॅटरसन हात धुऊन या शिशाच्या मागे लागले. भांडी आम्लात उकळायची, रसायनं पुन्हा पुन्हा शुद्ध करायची, फरशी घासून काढायची. १९५२ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत गेले आणि तिथे त्यांनी गाळलेल्या हवेची, धुळीचा कणही आत येणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली. जगातल्या पहिल्या काही 'क्लीन रूम'मध्ये तिचं नाव घेतलं जातं.

या मेहनतीचं फळ १९५३ मध्ये मिळालं. ॲरिझोनात पडलेल्या कॅनियन डायब्लो उल्केतलं शिसं त्यांनी मोजलं आणि आकडा आला, सुमारे ४५५ कोटी वर्षं. १९५६ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गेल्या ७० वर्षांत या आकड्यात फारसा बदल झालेला नाही.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. पण पॅटरसन यांच्या डोक्यात एक प्रश्न राहिला. प्रयोगशाळेतलं शिसं आपण धुऊन काढलं, पण ते आलं कुठून? आणि ज्या घरांत अशी सफाई होत नाही, तिथे राहणाऱ्या माणसांच्या अंगात किती गेलं असेल?

त्यांनी समुद्राचं पाणी तपासलं. खोल पाण्यात शिसं कमी, वरच्या थरात कितीतरी जास्त. म्हणजे हे शिसं अलीकडे, वरून, हवेतून पडलेलं होतं. हवेत ते मुख्यतः पेट्रोलमधून येत होतं. इंजिनाचा खडखडाट थांबावा म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं जात होतं.

१९६३ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्यानंतर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटकडून मिळणारा संशोधनाचा पैसा थांबला.

समोर माणूसही तगडा होता. डॉ. रॉबर्ट केहो. शिशाच्या विषबाधेवर त्या काळी अमेरिकेत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांच्या संशोधनाला पैसा मात्र शिसं वापरणाऱ्या उद्योगाकडूनच यायचा. केहो यांचं म्हणणं असं, की शिसं निसर्गात असतंच, प्रत्येकाच्या रक्तात ते सापडतं, आणि ठराविक पातळीच्या खाली त्याचा काही त्रास नाही.

वरवर बघता ते पटण्यासारखं होतं. कारण कोणाचंही रक्त तपासा, शिसं निघायचंच.

पॅटरसन यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. १९६५ च्या लेखात त्यांनी मांडलं की सगळ्यांमध्ये आढळतं म्हणून ते नैसर्गिक होत नाही. सगळ्यांनाच विष मिळत असेल तर सगळ्यांचे आकडे सारखेच दिसणार. त्यांच्या हिशोबाने अमेरिकन माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे १०० पट होतं. १९६६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे केहो आणि पॅटरसन या दोघांचीही साक्ष झाली.

पण तुलनेसाठी स्वच्छ माणूस आणायचा कुठून? जगात तसा कोणी उरलाच नव्हता. म्हणून ते भूतकाळात गेले. ग्रीनलंडच्या बर्फाचे जुने थर तपासले, तेव्हा उद्योगधंदे वाढले तसं शिसं वाढत गेलेलं थेट दिसलं. पेरूमधल्या प्राचीन माणसांच्या हाडांशी तुलना केली, तर आजच्या माणसाच्या हाडांत शेकडो पट शिसं निघालं.

आता मुलांचं काय, ते बघा.

शिसं शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. त्यामुळे ते हाडांत साठतं आणि मेंदूतही शिरतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, तर लहान मूल निम्म्यापर्यंत शोषू शकतं. त्यात रांगणारं पोर जमिनीवरची धूळ, रंगाचे पोपडे, जे सापडेल ते तोंडात घालतं. नेमक्या त्याच वयात मेंदूची जडणघडण चालू असते.

१९७९ मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. वरून ही मुलं ठणठणीत होती. पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि वर्गात लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. अशा प्रत्येक मुलामागे शिसंच असतं असं नाही, कारणं अनेक असतात. पण शिसं हे त्यातलं टाळता येण्यासारखं कारण आहे.

याच काळात पॅटरसन यांनी ट्यूना माशावर काम केलं. ताज्या माशाच्या तुलनेत शिशाचं सोल्डर लावलेल्या डब्यातल्या माशात सुमारे ४ हजार पट शिसं निघालं. सरकारी प्रयोगशाळांना हा फरक दिसत नव्हता, कारण त्यांच्या स्वतःच्या खोल्याच शिशाने माखलेल्या होत्या.

१९७१ च्या राष्ट्रीय समितीत पॅटरसन यांना जागा मिळाली नव्हती. १९७८ मध्ये घेतलं, तेव्हा बाकीच्यांचं मत पटलं नाही म्हणून त्यांनी ७८ पानांचं वेगळं मत लिहून दिलं.

हळूहळू चित्र पालटलं. अमेरिकेत १९७० च्या दशकात पेट्रोलमधलं शिसं कमी करायला सुरुवात झाली. १९७८ मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली. १९९५ मध्ये अन्नाच्या डब्यांचं शिशाचं सोल्डर बंद झालं आणि १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं.

परिणाम? १९७६ ते १९८० दरम्यान पाच वर्षांपर्यंतच्या अमेरिकन मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅम शिसं होतं. १९९१ पर्यंत ते ३.६ वर आलं.

पेट्रोलची बंदी पूर्ण झालेली बघायला पॅटरसन नव्हते. त्याच्या काही आठवडे आधी, ५ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचं निधन झालं.

भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. तरी जुन्या भिंतींवर जुना रंग आहेच. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून त्यात लेड क्रोमेटची भेसळ झाल्याचंही आढळलं आहे. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे आणि त्यातली सर्वाधिक मुलं भारतातली आहेत.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. म्हणून घराचा जुना रंग खरवडायचा असेल तर कोरडा घासू नका, पाणी मारून खरवडा, आणि काम पूर्ण होऊन फरशी ओल्या फडक्याने पुसेपर्यंत लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.