गुरांमागे गेलेली शाळा

शाळेच्या मुलांना घेऊन रानात जायचे, झाडाखाली धडा घ्यायचा, ही प्रथा आता शहरांतही चांगली रुजली आहे. पाने गोळा करायची, पक्ष्यांची नावे लिहून घ्यायची, डबे खायचे आणि संध्याकाळी बसने घरी परतायचे. प्राथमिक शाळेत शिकवत असताना मीही असे वर्ग घेतले आणि मुले त्यात रमलीही. पण रान आणि शाळा यांचा विषय निघाला, की मला हटकून ताराबाई मोडक आठवतात. त्यांची मुले मुळातच रानात होती. रानापर्यंत चालत जायचे होते ते शाळेला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेर केळकरांचे, प्रार्थना समाजाच्या वळणाचे. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, असा तो काळ. लग्नानंतर त्या अमरावतीस गेल्या, परंतु संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी होती. राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद मिळाले. मानाची आणि भरवशाची नोकरी. तीही सोडून १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मुलाला धाक न घालता, त्याच्या हातांना काम देत, त्याच्या कलाने शिकवण्याचे माँटेसोरी पद्धतीचे धडे त्यांनी तिथे गिरवले. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. मुंबईच्या मध्यमवर्गात ताराबाईंच्या नावाला वजन आले.

इथे थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांचे नाव राहिले असते. पण बालशिक्षण म्हणजे ऐपतदारांच्या मुलांचे कौतुक, एवढाच त्याचा अर्थ उरू नये, ही बोच त्यांना होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या. सोबत पस्तिशीतल्या अनुताई वाघ. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. अंगणवाडी या शब्दाचे मूळ तिथे आहे.

पुढे १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. याच डहाणू-उंबरगाव पट्ट्यात १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा मोठा लढा झाला होता. शिकलेल्या, पांढरपेशा माणसाकडे इथला आदिवासी संशयाने पाहत असेल, तर त्याला कारण होते. शिवाय इथे अंगणेही रिकामी. सकाळ झाली की मुले गुरे घेऊन कुरणावर जात आणि मोठ्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत.

मग निघाली कुरणशाळा. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन गुरांमागे जात. गुरे चरत आणि मुले झाडाच्या सावलीत बसत. महागड्या साधनांची जागा खडे, बिया, पाने, काड्या, शिंपले यांनी घेतली. मोजणी खड्यांवर, रंगांची ओळख पानाफुलांवर. गाणी आणि गोष्टी तर होत्याच. मध्येच एखादे जनावर भरकटले, की मुलाने उठून जायचे. पडक्या भिंतीत कोंडलेल्या वर्गाला हे बेशिस्त वाटेल. तिथे तोच नियम होता.

माझ्या मते ताराबाईंचे मोठेपण इथे आहे. आपण शहरी मुलांना रान दाखवतो, तेव्हा जाणते आपण असतो. कोसबादच्या कुरणावर रानाचे जाणते होते ते मूल. बाईंनी त्याच्याकडून रान शिकायचे आणि त्याला अक्षर द्यायचे, असा तो देवघेवीचा व्यवहार होता.

आता एक प्रश्न मनात येतोच. गुरे राखणाऱ्या मुलाला तिथेच शिकवायचे, म्हणजे त्याच्या राबण्याला मान्यताच नव्हे काय? प्रश्न खोटा नाही. पण पोटाची गरज एका दिवसात हटत नाही आणि मुलाचे वय तर थांबत नाही. म्हणूनच विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकटे पाळणाघरात सोडून थोरल्या बहिणीने वर्गात बसावे, हा त्यातला हिशोब. कुरणशाळा ही त्या वर्गाकडे नेणारी पायवाट होती.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, अनुताईंनी टेकडी सोडली नाही. १९७५ साली केंद्राची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत.

शब्द पोहोचला, पण मुलामागे चालत जाण्याची ती सवय किती पोहोचली? आजही आपल्या राज्यात ऊसतोडणीला आणि वीटभट्टीवर आईबापांबरोबर जाणारी मुले आहेत. हजेरीपटावर नाव असते, मूल मात्र दूर कुठेतरी खोपीत असते. रानातल्या सहली जरूर काढाव्यात, त्यांनी मुले बहरतात. पण वर्गातली एखादी जागा रोज रिकामी दिसत असेल, तर ते मूल कुठे गेले हे विचारायला कोणीतरी उठून निघाले पाहिजे.